साहेब गप्प राहिले म्हणून

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुमच्या वर्गाचा गट तयार होतो. गटाला एक प्रमुख असतो. तो कामे वाटून देतो : तू पुठ्ठा काप, तू रंग दे, तू तक्ता लिही. कोणी मध्येच ‘असे करून पाहू या का?’ म्हटले, की उत्तर ठरलेले, ‘आता वेळ नाही, सांगितले तेवढे कर.’ प्रतिकृती वेळेवर तयार होते खरी, पण ती असते गेल्या वर्षीच्याच ज्वालामुखीची! मित्रांनो, मुलांना काही सुचत नाही म्हणून असे होते, हे मला पटत नाही. माझ्या मते दोष प्रमुखाचा आहे.

हे मत कशाच्या आधारावर? एका चिकटपट्टीच्या!

रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी तुम्ही पाहिली असेल. मास्किंग टेप हे तिचे नाव. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या थ्रीएम कंपनीत १९२५ साली ती तयार झाली. त्या काळी ही कंपनी मुख्यतः काचकागद तयार करी. रिचर्ड ड्रू हा तेथील प्रयोगशाळेतला एक तरुण मदतनीस. नव्या काचकागदाची चाचणी घेण्यासाठी तो मोटारी रंगवण्याच्या कारखान्यांत जाई. तेव्हा दुरंगी मोटारींची टूम होती. एक रंग देताना दुसरा भाग कागद चिकटवून झाकावा लागे, आणि तो कागद काढताना खालचा रंगही सोलून निघे. रंगारी वैतागून जात. ड्रूने त्यांना सांगून टाकले, की मी यावर उपाय शोधतो. वास्तविक हे त्याचे कामच नव्हते!

गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. पट्टीने घट्ट धरले पाहिजे, पण ओढताच रंगाला धक्का न लावता सुटलेही पाहिजे. ड्रूने तेलांची आणि राळेची नाना मिश्रणे करून पाहिली. सुमारे दोन वर्षे गेली. अखेर सुताराच्या सरसात ग्लिसरीन मिसळून ते सुरकुतलेल्या क्रेप कागदावर लावले, तेव्हा जमले. ग्लिसरीनमुळे सरस वाळून कडक होत नाही, आणि सुरकुत्या उलगडत असल्यामुळे पट्टी वळणावरही नीट बसते.

मधल्या काळात कंपनीचे प्रमुख विल्यम मॅकनाइट यांनी ड्रूला बजावले होते, की हा नाद सोड आणि काचकागदाचे काम कर. ड्रूने ते जेमतेम एक दिवस पाळले. तो पुन्हा पट्टीवरच काम करताना साहेबांना दिसला; पण साहेब काही बोलले नाहीत. पुढे त्याने यंत्रासाठी पैसे मागितले तेव्हा मात्र नकार मिळाला. ड्रूला १०० डॉलरपर्यंतची खरेदी स्वतःच्या अधिकारात करता येई. त्याने ९९ डॉलरच्या चिठ्ठ्या एकामागून एक फाडल्या आणि यंत्र उभे केले, अशी हकीगत कंपनीत आवर्जून सांगतात. (घरी आईच्या पैशांवर हा प्रयोग करू नका, बरे का!)

मला मोठे वाटते ते मॅकनाइट यांचे गप्प राहणे. ते १९०७ साली कंपनीत साहाय्यक हिशेबनीस म्हणून आले होते. पट्टी कशी करावी, हे ते ड्रूला शिकवू शकले नसते. पण त्याला थांबवणे त्यांच्या हाती होते. पुढे कंपनीने आपल्या संशोधकांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवण्याची मुभाच दिली. आठवड्याचे ४० तास धरले, तर हे ६ तास झाले.

मोकळीक दिली की काम बुडते, असे कोणी म्हणेल. पण उरलेले ३४ तास नेमलेले काम चालूच असते! मोकळ्या वेळातले पुष्कळ प्रयत्न फसतात, हे मात्र खरे. त्याच कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर १९६८ साली जोरकस गोंद शोधत होते; हाती आला तो कच्चा, सहज सुटणारा गोंद. त्याचे काय करावे, हे अनेक वर्षे उमगेना. १९७४ साली आर्थर फ्राय यांना पुस्तकात न घसरणारी खूण हवी होती, तेव्हा त्यांना तो आठवला. चिकटणाऱ्या आणि निघणाऱ्या त्या चिठ्ठ्या १९८० साली अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आल्या. म्हणजे बारा वर्षे! इतका धीर किती प्रमुखांपाशी असतो?

तुम्हांला बारा वर्षे थांबायचे नाही. यंदा गटप्रमुख झालात आणि हाती दहा दिवस असले, तर त्यांतला दीड दिवस राखून ठेवा. त्या वेळात ज्याला जे सुचेल ते त्याला करू द्या, आणि ते फसले तर वाया गेलेल्या पुठ्ठ्याचा हिशेब मागू नका.