जड पायांचा दिवस
सायकल शर्यतीत उतरणाऱ्या तरुण मित्रांनो, रात्रभर पिकाला पाणी दिलं असेल तर सकाळी पाय जड पडणारच. घाटाचा चढ एकदा संपतो. छोट्या डोंगराळ फेरीत तोच चढ पुन्हा पुन्हा येतो, उतारावर दम पुरता परतत नाही. १९८० साली फ्रान्समध्ये सालांश येथील जागतिक स्पर्धेत डोमान्सीचा चढ २० वेळा होता. १०७ जण सुटले, शेवटापर्यंत १५ च पोचले. बाकीचे काही नवखे नव्हते. तेव्हा अशा दिवशी पहिल्याच चढाला पुढच्यांच्या मागे लागू नका. हलका गिअर टाका, आपल्या दमानं चढा. गरगरलं तर खुशाल थांबा, त्यात लाज कसली? थकल्या बैलाला चढावर शहाणा शेतकरी पराणी टोचत नाही. मग स्वतःच्याच जिवाला का टोचावी?