चेंडू सुटतोय कुठे?

मयूर विहारच्या पार्कात संघ पाडताना बघा: षटकार मारणारा सगळ्यांना हवा, चेंडू अडवणारा कुणालाच नको!

बेसबॉलमध्ये बोस्टनच्या रेड सॉक्सनं २००४ मध्ये उलटं केलं. संघ शर्यतीत होता, पण इनफिल्डमध्ये, म्हणजे आतल्या फळीत, चुका होत होत्या. ऐन हंगामात, ३१ जुलैला, त्यांनी लाडका नोमार गार्सियापारा देऊन टाकला आणि ऑर्लांडो कॅब्रेरा, डग मिंटकेविच हे भरवशाचे क्षेत्ररक्षक घेतले. चाहते हळहळले. पण त्याच वर्षी संघानं वर्ल्ड सिरीज जिंकली, १९१८ नंतर पहिल्यांदाच!

आपल्या मुंबई इंडियन्सनं २०२४ च्या आयपीएलसाठी हार्दिक पंड्याला आणलं, तरी संघ तळाला राहिला. दोष एकट्याचा नव्हता. नुसत्या मोठ्या नावानं भागत नाही, एवढंच.

तुम्हीही संघ निवडताना आधी विचारा, चेंडू सुटतोय कुठे?