उसनी पात्रे आणि स्वतंत्र कथा

आमच्या शहरातील एका महाविद्यालयाच्या कथास्पर्धेचा निकाल नुकताच जाहीर झाला. निकालाविषयी आमची तक्रार नाही; पहिले पारितोषिक ज्या कथेस मिळाले ती आम्ही वाचली व ती आम्हांस आवडलीही. आमची तक्रार आहे ती स्पर्धेत दाखलच करून न घेतलेल्या एका कथेविषयी. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील एक प्रसंग घेऊन कथा लिहिली होती. पोहावयास जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते व विहिरीवर धाडते, हा तो प्रसंग. मूळ पुस्तकात सर्व हकीकत श्यामच सांगतो. त्यामुळे श्याम विहिरीवर गेला की वाचकही त्याच्या पाठोपाठ विहिरीवर जातो. ही मुलगी मात्र घरातच राहिली. मुलगा दृष्टीआड झाल्यावर हातातली शिंपटी खाली ठेवून त्या माउलीने तो परत येईपर्यंतचा वेळ कसा काढला, एवढेच तिने आठ पानांत सांगितले. ‘कथा स्वतंत्र नाही’ असा चार शब्दांचाही नव्हे, तीनच शब्दांचा शेरा मारून ती परत करण्यात आली. ती कथा घेऊन विद्यार्थिनी आमच्या कचेरीत आली तेव्हा तिने आम्हांस एकच गोष्ट विचारली. दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिणे सोपे असते असे सर म्हणतात, मग आठ पानांना मला तीन महिने का लागले?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. आवडत्या ग्रंथातील पात्रे घेऊन वाचकाने स्वतः रचलेल्या कथेस हल्ली इंग्रजी नावाने ‘फॅन फिक्शन’ म्हणतात, आणि नाव परके असल्यामुळे ही वस्तूही परकी व अलीकडची आहे असा पुष्कळांचा समज झाला आहे. आमच्या विद्वान मंडळींचे म्हणणे असे की, यात पात्रे आयती, स्थळ आयते, वाचकाची माया आयती. शेजारणीकडून उसन्या आणलेल्या पात्रांत शिजविलेल्या या स्वयंपाकात करणाराचा घाम तो किती? उलट स्वतंत्र कथाकारास पहिल्या ओळीपासून सर्व काही स्वतःच्या हिमतीवर उभे करावे लागते. या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. पण भांडी उसनी आणली की स्वयंपाक आपोआप होतो असे ज्यांस वाटते, त्यांनी चुलीपुढे एकदा बसून पाहावे अशी आमची त्यांस नम्र सूचना आहे.

आणि हे मत मांडावयाचे तर निदान छत्रपती संभाजीनगरात तरी ते जरा जपून मांडावयास हवे होते. ज्या जिल्ह्यात वेरूळच्या कैलासावर रामायण-भारतातील प्रसंगांचे पट कोरलेले आहेत आणि अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा रंगविलेल्या आहेत, त्या जिल्ह्यात ‘ऐकलेली कथा पुन्हा सांगणे म्हणजे कला नव्हे’ असे म्हणणे मोठ्या धाडसाचे आहे. पण दगड आणि रंग बाजूस ठेवू. शब्दांचाच विचार करू.

गुणाढ्याची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या या पंडिताने पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा रचली. राजाने ती तुच्छ मानून परत केली. तेव्हा गुणाढ्य अरण्यात जाऊन एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवी व अग्नीत टाकी. राजास पश्चात्ताप होईपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे, हे आम्ही जाणतो. पण इतिहासही जवळजवळ तितकाच विलक्षण आहे. मूळ बृहत्कथा आज कोणाजवळही नाही. ती आपणांस कळते ती अकराव्या शतकात काश्मिरात बसून क्षेमेंद्राने व सोमदेवाने तिच्या आधारे जे ग्रंथ रचले त्यांमुळे, आणि बुधस्वामीच्या अशाच दुसऱ्या एका ग्रंथामुळे. राजाने परत केलेली कथा, तिच्यावर जीव असणाऱ्या परक्यांनी वाचविली. गुणाढ्याची वरील आख्यायिकासुद्धा आपण सोमदेवाच्याच ‘कथासरित्सागरा’त वाचतो! या तिघांस ‘स्वतंत्र नाही’ म्हणून परत पाठविले असते, तर गुणाढ्याच्या नावापलीकडे काय उरले असते?

पैठणहून देवगिरीस येऊ. महानुभाव परंपरेत अशी हकीकत आहे की, कवी नरेंद्राने रामदेवराव यादवाच्या सभेत आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ वाचून दाखविले, तेव्हा राजा इतका संतुष्ट झाला की या काव्यावर माझी मुद्रा घाल, हवे तितके द्रव्य देतो, असे तो म्हणाला. नरेंद्राने ते मानले नाही. आता रुक्मिणीची कथा नरेंद्राची होती काय? ती भागवताची, हरदास-पुराणिकांच्या तोंडून घरोघर पोचलेली. तरीही राजास विकत हवे होते ते काव्य, आणि कवीस विकावयाचे नव्हते तेही काव्यच. कथा सर्वांची असूनही काव्य एकट्याचे असू शकते, ही गोष्ट तेराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीच्या दरबारात उभय पक्षांस मान्य होती. आमच्या स्पर्धेच्या चालकांस ती अद्याप मान्य व्हावयाची आहे.

पण या प्रश्नावर सर्वांत सूक्ष्म निर्णय दिला आहे तो नाथांनी. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ त, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत लोकांनी तीत आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या; त्या काढून टाकून नाथांनी शेवटी कडक ताकीद दिली की, या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. केवढी ही मूळ ग्रंथाविषयीची निष्ठा! आणि हेच एकनाथ पुढे ‘भावार्थ रामायण’ लिहावयास बसतात, त्यात वाल्मीकीने न सांगितलेले पुष्कळ काही सांगतात, आणि त्यास त्यांची हरकत नसते. यात विसंगती आहे काय? आम्हांस ती दिसत नाही. दुसऱ्याच्या ग्रंथात शिरून त्याच्या सहीखाली आपला मजकूर घालणे ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याची कथा घेऊन आपल्या सहीने आपला ग्रंथ करणे ही अगदी निराळी गोष्ट. पहिलीस कायद्याच्या भाषेत बनावट म्हणावे लागेल. दुसरी साहित्य होय.

याच रामायणाचा शेवट पाहा. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत ग्रंथ नाथांचा. पुढला भाग त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पुरा केला, असे परंपरा सांगते. पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिलेला हा मुलगा लोकांच्या दृष्टीने मठ्ठ होता. गुरूचा शब्द, गुरूची लय, गुरूचा विनोद वर्षानुवर्षे कानांत साठविल्यावाचून अर्ध्यावर राहिलेला ग्रंथ पुढे चालविता येत नाही, आणि गावबाजवळ कदाचित एवढेच होते. स्वतंत्र महाकाव्य त्याच्या हातून झाले असते की नाही हे सांगता येत नाही. पण दुसऱ्या कोणा पंडिताने नाथांचे रामायण इतक्या बेमालूमपणे पुरे केले असते, असेही आम्हांस वाटत नाही.

आता मूळ प्रश्न : कठीण कोणते? आमच्या धंद्यातील एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. मूळ दावा चालविणाऱ्या वकिलास साक्षीपुरावा, कागदपत्र, सर्व काही शून्यातून जमवावे लागते. अपील चालविणारास तो त्रास नाही. त्याच्यापुढे तयार बाड असते. म्हणून नवशिक्यास वाटते, अपील सोपे. पण त्याच बाडाने त्याचे हातही बांधलेले असतात. काही मोजके अपवाद सोडले तर नवा पुरावा त्यास आणता येत नाही. नोंदलेल्या साक्षीतील एक अक्षर बदलता येत नाही. आणि तरीही त्यास त्याच कागदांतून खालच्या न्यायाधीशास न दिसलेली गोष्ट वरच्या न्यायाधीशास दाखवावयाची असते. उसन्या पात्रांवर लिहिणाराची स्थिती नेमकी हीच. त्याचा वाचक निमूटपणे ऐकून घेणारा नसतो, तो मूळ ग्रंथ पाठ असलेला साक्षीदार असतो. श्यामच्या आईच्या तोंडी एक वाक्य तिला न शोभणारे पडू द्या, महाराष्ट्रातील कोणतेही घर ते क्षणात पकडील. आमच्या विद्यार्थिनीचे तीन महिने कोठे गेले ते यावरून कळावे. स्वतंत्र कथेतील आई कशी बोलते हे लेखिकेवाचून कोणास ठाऊक असते?

तथापि आम्ही प्रतिपक्षाचा पुरावाही पुढे ठेवतो, कारण तो बळकट आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी सात नाटके लिहिली. त्यांपैकी सहांचे मूळ शूद्रक, कालिदास, बाण, शेक्सपिअर, मोलिएर इत्यादिकांत सापडते. ‘संगीत शारदा’ हे १८९९ चे नाटक तेवढे स्वतंत्र. ‘संशयकल्लोळा’तील फाल्गुनराव मूळचा फ्रेंच आहे हे सांगितल्यावाचून कोणाच्या ध्यानात येत नाही, इतके देवलांचे कसब थोर. परंतु म्हाताऱ्यास मुलगी विकण्याच्या दुष्ट चालीवर जो घाव ‘शारदे’ने घातला, तो घालण्यास शेक्सपिअरचे बाड उपयोगी नव्हते. आपल्या समाजाचे जे दुःख अद्याप कोणीच लिहिलेले नाही ते लिहावयाचे, तर पात्रे उसनी मिळत नाहीत. मराठी कादंबरीकारांपैकी कित्येकांनी महाभारताचे एकेक पात्र वाटून घेऊन कर्ण झाला, द्रौपदी झाली, आता कोण उरले अशी जी शोधाशोध चालविली आहे, तीस आम्ही या लेखाने आश्रय देत आहोत असे कोणी समजू नये. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची, शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ १९६७ चे. आदिपर्वातील एका उपाख्यानातून खांडेकरांनी आपल्या काळातील भोगलालसेचा खटला उभा केला. व्यासांनी जवळजवळ मुकी ठेवलेल्या कर्णाच्या पत्नीस सावंतांनी बोलते केले. त्यांनी बाडातून न दिसलेले काही दाखविले. पुढल्या पुष्कळांनी बाडाची नक्कल केली, आणि नकलेची फी मात्र वकिलीची घेतली.

राहता राहिला कायद्याचा प्रश्न, कारण ‘हे चोरीत मोडते’ अशीही कुजबुज आमच्या कानी आली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ग्रंथकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. तेव्हा ‘श्यामची आई’ २०१० च्या अखेरीस सर्व मराठी जनतेच्या मालकीची झाली. म्हणजे या मुलीने कोणाचीही काडी चोरलेली नाही. खांडेकरांचे निधन १९७६ चे, म्हणून ‘ययाति’वरील हक्क २०३६ अखेर चालेल, तेथे मात्र परवानगी विचारणे हे कायद्याला व सभ्यतेलाही धरून होईल. तथापि तेथेही सर्व दारे बंद नाहीत. कल्पना, विषय वा कथाबीज यांवर कोणाचा हक्क नसतो, हक्क असतो तो मांडणीवर व शब्दरचनेवर, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या खटल्यात १९७८ साली स्पष्ट केले आहे. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या मल्याळी नाटकास सिव्हिक चंद्रन यांनी त्यातीलच पात्रे व प्रसंग घेऊन प्रतिनाटकाने उत्तर दिले, तेव्हा ती टीका आहे, चोरी नव्हे, असा निर्णय केरळच्या उच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. कायदा परीक्षकांहून उदार असावा, हा प्रसंग नित्य येत नाही.

मूळ लेखकास राग येणारच नाही असे नव्हे. सर्वांतिसच्या ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ साली निघाला आणि १६१४ साली कोणा टोपणनावाच्या गृहस्थाने त्याचा दुसरा भाग परस्पर छापला. सर्वांतिस संतापला, पण त्याने काय केले? पुढच्याच वर्षी आपला दुसरा भाग प्रसिद्ध केला, आणि त्यात त्या तोतया पुस्तकाची बातमी खुद्द नायकाच्या कानी घालून त्यास ठरलेली वाट बदलावयास लावली. उसन्या लेखनाने मूळ लेखकासही कसे कामास जुंपले, याचा हा मासला आहे.

तेव्हा स्पर्धेच्या चालकांस आमची सूचना अशी आहे. नियमपत्रकातील ‘स्वतंत्र’ हा शब्द काढून टाकावा. त्याऐवजी ‘कथा स्पर्धकाने स्वतः लिहिलेली असावी, दुसऱ्या ग्रंथाचा आधार घेतला असल्यास तो प्रारंभी स्पष्ट सांगावा’ एवढे घालावे. आधार लपविणारास खुशाल बाद करावे. सांगणारास करू नये. या विद्यार्थिनीने पहिल्याच पानावर साने गुरुजींचे नाव लिहिले होते, आणि ते न लिहिती तर कदाचित तिची कथा दाखलही झाली असती, हे या नियमाचे फळ चालकांनी लक्षात घ्यावे. तिची कथा परीक्षकांनी परत मागवून वाचावी. बक्षीस द्यावे असे आम्ही म्हणत नाही. दुपार जरा लांबली आहे, आणि शेवटी आईच्या तोंडी घातलेला उपदेश आम्हांस अनावश्यक वाटला, हे आम्ही तिला तोंडावर सांगितले आहे. तिने तो परिच्छेद आमच्यासमोरच पेन्सिलीने खोडला, आणि जाता जाता म्हणाली की पुढली कथा तिच्या स्वतःच्या आजीवर आहे, पण तिची पहिली ओळ अजून सापडत नाही.