सिद्धतेचे गोडवे, पॅकेजचे वावडे

2024 च्या जुलै महिन्यात इंग्लंडमधील बाथ येथे आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड पार पडले. भारतीय संघाने चार सुवर्णपदकांसह चौथा क्रमांक मिळवला आणि देशाने त्याचे योग्य ते कौतुक केले. स्पर्धा संपून आठवडाही उलटला नव्हता तोच गूगल डीपमाइंडने जाहीर केले की, अल्फाप्रूफ आणि अल्फाजॉमेट्री 2 या त्यांच्या प्रणालींनी त्याच प्रश्नपत्रिकेतील सहापैकी चार प्रश्न सोडवले असून 42 पैकी 28 गुण, म्हणजे रौप्यपदकाच्या तोडीचे यश मिळवले आहे. तीही बातमी गाजली. अल्फाप्रूफच्या सिद्धता ज्या भाषेत लिहिल्या आणि तपासल्या गेल्या, त्या 'लीन' भाषेचे नाव मात्र चर्चेत फारसे आले नाही. ही भाषा आणि तिची भावंडे सामान्य विद्यार्थ्याच्या संगणकावर कोणत्या वाटेने पोहोचतात, हा प्रश्न तर कोणाच्या खिजगणतीतही नव्हता.

भारतातील विज्ञानविषयक चर्चेचा हा जुना दोष आहे. कळसाची छायाचित्रे छापली जातात, पाया रचणाऱ्या हातांची नोंद होत नाही. सिद्धता तपासणाऱ्या भाषा ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पॅकेज करणे हे असेच पायाचे काम आहे. त्याला 'तांत्रिक हमाली' समजणारी विद्यापीठे विज्ञानाचे नुकसान करत आहेत.

प्रथम या भाषांविषयी. त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे 'डिपेन्डन्ट टाइप्स', अर्थात मूल्यांवर अवलंबून असणारे प्रकार. छत्तीसगडमधील धान खरेदी केंद्राचे उदाहरण घेता येईल. एका यादीत शेतकऱ्यांची नावे आहेत, दुसरीत प्रत्येकाने आणलेल्या धानाचे वजन. बहुतेक प्रचलित भाषांत लिहिलेला प्रोग्राम या याद्या निमूटपणे जोडू लागतो. मधले एखादे वजन नोंदवायचे राहिले असेल, तर ती चूक प्रोग्राम चालताना उघडकीला येते, किंवा एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेल्यानंतर. ॲग्डा, इड्रिस, लीन किंवा रॉक (पूर्वीची कॉक) या भाषांत यादीची लांबी हा तिच्या प्रकाराचाच भाग करता येतो. मग दोन्ही याद्यांची लांबी समान असल्याची खातरजमा प्रोग्रामने केल्याशिवाय कंपायलर तो स्वीकारतच नाही. हीच कल्पना पुढे नेली की प्रकार म्हणजे विधान आणि प्रोग्राम म्हणजे त्या विधानाची सिद्धता, असे समीकरण बनते. 1967 मध्ये नेदरलंड्समध्ये डी ब्रॉइन यांनी सुरू केलेला 'ऑटोमॅथ' प्रकल्प, 1970 च्या दशकात स्वीडनच्या पेर मार्टिन-लोफ यांनी मांडलेला प्रकारसिद्धान्त आणि 1989 मध्ये फ्रान्समधून बाहेर आलेली कॉक, अशी ही परंपरा आहे.

भारत या परंपरेच्या बाहेर नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गणितज्ञ सिद्धार्थ गाडगीळ लीनमध्ये संशोधन करतात आणि शिकवतातही. 2017 च्या अखेरीस टेरेन्स टाओ यांच्या पुढाकाराने चाललेल्या एका सामूहिक संशोधनात गाडगीळ यांनी संगणकाच्या साहाय्याने मिळवलेली सिद्धता निर्णायक दुवा ठरली आणि त्या शोधनिबंधाच्या सहा लेखकांत त्यांचे नाव आहे. बंगळूरला जे घडते ते रायपूरला घडू शकते का, हा खरा प्रश्न आहे.

रायपूर हे उदाहरण मुद्दाम घ्यावे असे शहर आहे. येथील राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेचा इतिहास 1956 पर्यंत मागे जातो. नवा रायपूरमध्ये 2015 पासून आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था आहे. भिलाईच्या आयआयटीचे पहिले वर्ग 2016 मध्ये रायपुरातच भरले. शिवाय भोवतीच्या जिल्ह्यांत अनेक लहान महाविद्यालये आहेत. अशा एखाद्या लहान महाविद्यालयाच्या संगणककक्षाची कल्पना करावी. तीस यंत्रे, प्रॉक्सीच्या भिंतीआडचे इंटरनेट आणि विद्यार्थ्याला स्वतः काही बसवण्याचा अधिकार नाही. लीनचे गणिती ग्रंथालय 'मॅथलिब' दहा लाखांहून अधिक ओळींचे आहे. त्याच्या पूर्वसिद्ध फायली काही गिगाबाइट जागा घेतात आणि नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थी त्या आपापल्या खात्यात स्वतंत्रपणे उतरवतो. तीस विद्यार्थ्यांनी एकाच तासाला हे केले, तर तास संपेल पण उतरवणे संपणार नाही. उलट, भाषा आणि तिचे ग्रंथालय ऑपरेटिंग सिस्टिमच्या भांडारात असेल, तर प्रयोगशाळा-साहाय्यक एका आज्ञेने ते प्रत्येक यंत्रावर बसवतो, एकदा उतरवलेली फाईल सर्व यंत्रांना पुरते आणि विद्यार्थी थेट पहिल्या सिद्धतेला हात घालतो. पॅकेजच्या अभावाची किंमत मोठ्या संस्थांना जाणवत नाही. ती लहान गावांतील विद्यार्थी मोजतात.

'मग पॅकेज करून टाकावे, त्यात अवघड ते काय?' असे विचारणाऱ्यांनी ॲग्डाकडे पाहावे. ॲग्डाचा कंपायलर हॅस्केल भाषेत लिहिलेला आहे. डेबियनमध्ये हॅस्केलच्या प्रत्येक ग्रंथालयाला त्याच्या अंतर्गत रचनेवरून काढलेली खूण जोडलेली असते. तळाचे एक ग्रंथालय बदलले की त्यावर उभी असलेली सगळी उतरंड पुन्हा बांधावी लागते. त्यानंतर येते प्रमाण ग्रंथालय. ॲग्डा एखादी फाईल तपासल्यावर तिच्या निष्कर्षांची वेगळी फाईल लिहून ठेवते. ग्रंथालय वापरकर्त्याच्या घरफोल्डरमध्ये असेल तर प्रश्न नाही. पण ते सिस्टिमच्या सामायिक जागेत असेल तर सामान्य वापरकर्त्याला तिथे लिहिण्याची परवानगीच नसते. म्हणून पॅकेज करणाऱ्याला सर्व निष्कर्ष-फायली आधी तयार करून सोबत द्याव्या लागतात आणि त्या कंपायलरच्या नेमक्या त्याच आवृत्तीशी जुळाव्या लागतात. यातले काहीही चुकले तर विद्यार्थ्याला 'परवानगी नाही' एवढाच संदेश दिसतो आणि दोष त्याला स्वतःच्या सिद्धतेत वाटतो.

याहून खोल गाठ आहे ती स्वतःच स्वतःला घडवणाऱ्या कंपायलरांची. इड्रिस 2 ही भाषा इड्रिस 2 मध्येच लिहिलेली आहे. मग पहिला कंपायलर कुठून आणायचा? तिच्या मूळ संहितेसोबत आधीच्या कंपायलरने निर्माण केलेली स्कीम भाषेतील संहिता दिलेली असते. लीन 4 सोबत तशीच निर्माण केलेली सी भाषेतील संहिता असते. ती वाचता येते, पण माणसाने लिहिलेली नसते आणि माणूस तिच्यात दुरुस्तीही करत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या काटेकोर व्याख्येत तिला मूळ संहिता म्हणावे की नाही, हा पॅकेज करणाऱ्यापुढचा तात्त्विक प्रश्न आहे.

तात्त्विक म्हणून तो निरुपद्रवी नाही. 1983 मध्ये केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दाखवून दिले होते की, कंपायलरमध्ये लपवलेली फसवणूक मूळ संहितेत मागमूस न ठेवता पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. मार्च 2024 मध्ये 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या दाबसंकोच साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. त्याला कार्यान्वित करणारा भाग सार्वजनिक मूळ संहितेत नव्हता, फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. मूळ संहिता आणि हाती येणारी वस्तू यांच्यामधल्या अंधाऱ्या पट्ट्यात काय होऊ शकते, याचा हा धडा आहे. पॅकेजिंगची शिस्त नेमकी त्याच पट्ट्यावर उजेड टाकते. बांधणी नेटवर्कविना व्हावी, प्रत्येक घटकाचा परवाना नोंदलेला असावा, दुसऱ्याने पुन्हा बांधले तर बिट न्‌ बिट तेच निघावे, असा तिचा आग्रह असतो. ग्विक्स प्रकल्पाने 2023 मध्ये अवघ्या 357 बाइटच्या बीजापासून संपूर्ण सिस्टिमची उतरंड मूळ संहितेतून उभी करून दाखवली. हा वेडेपणा नव्हे; विश्वासाचा हिशेब आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही ऐकून घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, या भाषा दर महिन्याला बदलतात, तर डेबियनची स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी येते. तेव्हा भाषेचा स्वतःचा इन्स्टॉलर वापरणेच शहाणपणाचे. अद्ययावत संशोधनासाठी हे मान्य करावे लागेल. लीनच्या प्रकल्पात नेमकी आवृत्ती नोंदवण्याची सोयही उत्तम आहे. परंतु ती नोंद म्हणजे कुठल्या तरी सर्व्हरवरील तयार फाईलकडे दाखवलेले बोट आहे. सिद्धतेचे मोल ती कायम टिकते यात असते. 2024 मधील सिद्धता 2044 मध्ये तपासायची तर तो सर्व्हर तोवर जिवंत राहील, यावर विसंबणे गणिताला शोभत नाही. शिवाय अध्यापनाला महिन्यागणिक बदलणारी भाषा नको असते. वर्षभर न हलणारी भाषा हवी असते.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. सिद्धता तपासणारा गाभा लहान असतो, त्यासाठी स्वतंत्र तपासनीस लिहिता येतात आणि लिहिले गेलेही आहेत. मग कंपायलरच्या वंशावळीची चिंता कशाला? सिद्धतांपुरते हे बरेचसे खरे आहे. पण तो स्वतंत्र तपासनीसही कोणीतरी मूळ संहितेतून बांधून द्यावाच लागतो. आणि इड्रिससारख्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम जेव्हा प्रत्यक्ष चालतो, तेव्हा त्याची सिद्धता कितीही निर्दोष असली तरी यंत्रावर धावते ती कंपायलरने निर्माण केलेली संहिता. तिथे गाभ्याचा लहानपणा कामी येत नाही.

मग हे काम भारतात होताना का दिसत नाही? कारण त्याचे गुण मिळत नाहीत. संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत शोधनिबंध, उद्धृते आणि पेटंट मोजली जातात. हजारो यंत्रांवर बसवले जाणारे पॅकेज मोजले जात नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी उपस्थिती नोंदवणारी आणि ग्रंथालय व्यवस्थापन करणारी तीच ती ॲप्स प्रकल्प म्हणून सादर होतात आणि मूल्यमापनानंतर कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही. त्याऐवजी एखाद्या गटाने ॲग्डाचे एक ग्रंथालय डेबियनसाठी पॅकेज केले, तर त्याला परवाने वाचावे लागतील, अवलंबित्वांचा आलेख समजून घ्यावा लागेल, अनोळखी तज्ज्ञांची परखड टीका पचवावी लागेल आणि शेवटी खरोखर वापरली जाणारी वस्तू मागे उरेल. यापेक्षा चांगले शिक्षण कोणते?

छत्तीसगडला याचे वावडे असण्याचे कारण नाही. 'रवि रतलामी' या नावाने लिहिणारे रविशंकर श्रीवास्तव आणि त्यांचे सहकारी यांनी केडीई हे डेस्कटॉप छत्तीसगडी भाषेत आणले, तेव्हा त्यांच्यामागे कुठलीही क्रमवारी नव्हती. आज लिनक्सच्या पायाभूत ग्रंथालयात छत्तीसगडीला स्वतःचा भाषा-संकेत आहे. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम डेबियनवर आधारलेली आहे. डेबियनमध्ये दाखल झालेल्या कामाला सरकारी कार्यालयांपर्यंतची वाट त्यामुळे खुली होते. 2023 च्या सप्टेंबरमध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीत भरली होती. दार बंद आहे अशी तक्रार कोणालाही करता येणार नाही.

तेव्हा रायपूरच्या आणि त्यासारख्या प्रत्येक शहरातील संस्थांनी एवढे करावे. पॅकेजिंगला अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा दर्जा द्यावा, अध्यापकाच्या कार्य-अहवालात त्याला स्वतंत्र रकाना द्यावा आणि प्रयोगशाळेत भांडाराची स्थानिक प्रत ठेवावी. यासाठी नवी इमारत लागत नाही की परदेशी करार लागत नाही. हे होईपर्यंत यंत्राने मिळवलेल्या रौप्यपदकांवर भारतात परिसंवाद झडत राहतील आणि सिद्धता लिहायला बसलेला विद्यार्थी 'परवानगी नाही' या संदेशापुढे अडून राहील.