अडचणीची जागा आणि चार्जरची निवड

शहरांतील घरे लहान होत गेली आणि त्या घरांतील विजेच्या वस्तू मात्र वाढत गेल्या, ही गेल्या दोन पिढ्यांची कहाणी आहे. चाळीतल्या खोलीत एके काळी दिवा, पंखा आणि फार तर रेडिओ यांच्यापुरती विजेची सोय केलेली असे. त्याच बोर्डावर आज घरातल्या प्रत्येक माणसाचा मोबाइल आपला हक्क सांगतो. चार्जर मग जागा सापडेल तेथे जातो. तो कपाटामागे, पलंग आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर फटीत किंवा वसतिगृहातल्या गादीच्या कडेला लागलेला असतो. अशा जागेसाठी चार्जर लहान हवा, ही मागणी रास्तच आहे. प्रश्न एवढाच की, बाजारात मिळणारा प्रत्येक लहान चार्जर सारख्याच कारणाने लहान झालेला नसतो.

हा भेद समजून घ्यायचा, तर चार्जर काय काम करतो हे पाहिले पाहिजे. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची असते, आणि प्रत्येक आवर्तनात तिचा क्षणिक दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. मोबाइलला आरंभी हवे असतात ते अवघे ५ व्होल्ट. चार्जरच्या पोटात म्हणून दोन बाजू असतात. एक बाजू भिंतीकडची, म्हणजे घातक. दुसरी हाताकडची, म्हणजे निर्धोक. या दोहोंमध्ये एक लहानसे रोहित्र बसवलेले असते आणि काही मिलिमीटरांचे विद्युतरोधक अंतर राखलेले असते. माणसाची सुरक्षितता या अंतरावर आणि रोहित्राच्या वेटोळ्यांमधल्या रोधक थरांवर अवलंबून असते. चार्जर स्वस्तात लहान करायचा असला, की हे अंतर चोरणे आणि हे थर वगळणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. अशा चार्जरने मोबाइल व्यवस्थित भरतो, महिनोन्महिने भरतो. म्हणूनच त्यातली उणीव ग्राहकाच्या लक्षात येत नाही. ती लक्षात येते तेव्हा भिंतीतला विद्युतदाब मोबाइलच्या धातूपर्यंत पोहोचलेला असतो.

लहान होण्याचा दुसरा मार्ग प्रामाणिक आहे. मात्र तो खर्चिक आहे. गॅलियम नायट्राइड या अर्धसंवाहकाचे खटके सिलिकॉनच्या खटक्यांपेक्षा अधिक वेगाने उघडमीट करू शकतात आणि तसे करताना ऊर्जा कमी वाया घालवतात. हौद भरायला घागर वापरली तर खेपा कमी लागतात, तांब्या वापरला तर जास्त. पण खेपा पुरेशा झपाट्याने होत असतील, तर तांब्यानेही तेवढ्याच वेळात हौद भरतो. रोहित्राचेही असेच आहे. ऊर्जेचे हप्ते लहान आणि वेगवान झाले, की रोहित्र आकाराने लहान चालते. सुरक्षेचे अंतर न चोरता चार्जर आटोपशीर होऊ शकतो तो असा. निळ्या प्रकाशाच्या ज्या एलईडीसाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले, ती याच गॅलियम नायट्राइडची होती. तथापि, वेष्टनावर हे नाव छापलेले असणे म्हणजे आत ते असल्याचा पुरावा नव्हे.

अडचणीच्या जागेचा दुसरा शत्रू म्हणजे उष्णता. २० वॉट देणारा चार्जर ९० टक्के कार्यक्षम असला, तरी सुमारे २ वॉट उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. ६५ वॉटचा चार्जर पूर्ण भारावर असताना हाच आकडा ७ वॉटच्या आसपास जातो. उघड्या भिंतीवर ही उष्णता सहज विरून जाते. उशीखाली, पांघरुणात किंवा कोंदट फटीत ती साचते, आणि लहान आकारामुळे ती बाहेर टाकणारा पृष्ठभागही लहान असतो. फक्त मोबाइल भरायचा असेल, तर २० ते ३० वॉटचा चार्जर बहुतेकांना पुरतो. मोठ्या क्षमतेच्या चांगल्या चार्जरने मोबाइलला इजा होत नाही, कारण किती वीज घ्यायची याची बोलणी दोन्ही उपकरणांत आधी होते. पण लॅपटॉप नसेल, तर त्या क्षमतेसाठी पैसे आणि जागा खर्चण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट पिनेची. मोबाइलचा चार्जर भिंतीतून फारच थोडा प्रवाह ओढतो, त्यामुळे तारेवर त्याचा भार पडतो असे नाही. खरा धोका सैल जोडणीचा असतो. जुन्या, सैल झालेल्या सॉकेटमध्ये जड चार्जर लावला की तो स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, संपर्क अर्धवट राहतो, ठिणग्या पडतात आणि तेथेच प्लॅस्टिक वितळू लागते. पलंग सरकवताना चार्जरला बसणारा धक्का हेच काम अधिक लवकर करतो. म्हणून फटीत लावायचा चार्जर भिंतीला चिकटून बसणारा, वजनाने हलका आणि शेजारचे छिद्र न अडवणारा असावा. पिन घट्ट बसत नसेल, तर चार्जरआधी सॉकेट बदलावे. एक्स्टेन्शन बोर्डाबाबतही विवेक हवा. चार मोबाइल त्यावर सुखाने भरतील. पण त्याच बोर्डावर १,००० वॉटची इस्त्री लावली, की एकटी इस्त्री ४ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते, आणि स्वस्त बोर्डाची बारीक तार तापू लागते.

आता खूण कोणती पाहावी? आयएसआयच्या खुणेवर मराठी ग्राहकाचा विश्वास जुना आहे. पण चार्जरवर ती खूण शोधणे चुकीचे ठरेल. माहिती-तंत्रज्ञानाच्या उपकरणांचे अ‍ॅडॅप्टर केंद्र सरकारच्या २०१२ च्या आदेशान्वये सक्तीच्या नोंदणीखाली आले, आणि या योजनेतील वस्तूंवर भारतीय मानक ब्यूरोची वेगळी खूण व ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. हा क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासता येतो. क्रमांक तपासल्यावर उत्पादकाचे नाव आणि वस्तूचा प्रकार जुळत नसेल, तर ती खूण केवळ छापलेली आहे असे समजावे. चौकोनात चौकोन ही आणखी एक खूण दुहेरी विद्युतरोधनाची. ती चार्जरवर असावी. पण तीही शाईचीच असल्याने एकटी पुरेशी नाही.

येथवरचा भाग ग्राहकाच्या कर्तव्याचा झाला. पण सारे ओझे त्याच्याच शिरावर टाकणे न्यायाचे होणार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अ‍ॅपलने आयफोनच्या डब्यातून चार्जर वगळला आणि इतर काही उत्पादकांनीही तोच कित्ता गिरवला. कचरा कमी व्हावा हा त्यामागचा सांगितलेला हेतू चांगला आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, जी निवड पूर्वी उत्पादकाचा अभियंता करीत असे, ती आता पदपथावरच्या गाड्यासमोर उभा असलेला विद्यार्थी किंवा कारकून करतो. त्याच्यापाशी ना चार्जर उघडून पाहण्याचे साधन असते, ना महागडा घेण्याची ऐपत. आणि ज्याचे घर सर्वांत लहान, ज्याचा चार्जर गादीच्या सर्वांत जवळ, त्याच्याच वाट्याला बहुधा सर्वांत स्वस्त चार्जर येतो.

धोका ओळखला की यंत्रणा काय करतात, याचे उदाहरण रेल्वेने दिले आहे. आगीची भीती लक्षात घेऊन पश्चिम रेल्वेने मार्च २०२१ मध्ये डब्यांतील चार्जिंगची वीज रात्री ११ ते पहाटे ५ पर्यंत बंद ठेवण्यास सुरुवात केली. गाडीत हे जमते. घरात रात्री खटका बंद करणारा अधिकारी नसतो. तेथे दोनच उपाय उरतात. बनावट खुणांचे चार्जर ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधीच घाऊक बाजारात पकडणे, हा पहिला. दुसरा घरबांधणीचा आहे. लहान सदनिकांचे आराखडे मंजूर करताना बिछान्याजवळ, पण बिछान्याच्या वर आणि उघड्यावर, पुरेसे सॉकेट असावेत असा आग्रह धरला, तर चार्जरला फटीत शिरण्याची वेळच येणार नाही.

लहान घर हा गुन्हा नव्हे आणि काटकसर हाही दोष नव्हे. पण चार्जरच्या बाबतीत काटकसर वॉटमध्ये करावी, दिखाऊपणात करावी. आतल्या त्या काही मिलिमीटरांत करू नये. ते अंतर ग्राहकाला दिसत नाही, म्हणूनच त्याची राखण करणे हे ज्यांना दिसते त्यांचे काम आहे.