धुराड्यांची उंची

नागपूरच्या उत्तरेस कोराडीच्या वीजकेंद्राचीं धुराडीं दुरूनच दृष्टीस पडतात. धुराडें जितकें उंच तितकी हवा निर्मळ, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्या मतें तो समज चुकीचा आहे.

हवेंत शेंकडा सुमारें ७८ भाग नत्रवायु व २१ भाग प्राणवायु असतो. बाकीचे वायु अत्यल्प. परंतु अल्प म्हणून ते उपेक्षणीय नव्हेत. दगडी कोळशांत थोडें गंधक असतें. कोळसा जळतांना त्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन सल्फर डायऑक्साइड उत्पन्न होतो. त्यानें श्वासनलिका आकुंचित होतात. पुढें हवेंतील ओलाव्यांत त्याचें गंधकाम्ल बनतें. उंच धुराड्यामुळें हा वायु विरळ होतो, दूर जातो. नष्ट मात्र होत नाहीं. आपल्या अंगणांतील केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटणें, यास स्वच्छता म्हणावें काय?

उपाय रसायनशास्त्रच सांगतें. चुनखडीची पूड कालविलेल्या पाण्याच्या फवाऱ्यांतून धूर नेला असतां बहुतेक गंधक त्यांत अडकतें व त्यापासून उपयुक्त जिप्सम तयार होतें. २०१५ सालीं केंद्र सरकारनें या वायूवर मर्यादा घातली. पुढें मुदती मात्र वारंवार वाढत गेल्या. खर्च फार, हें त्याचें एक कारण सांगण्यांत येतें.

विद्यार्थिमित्रहो, वीज आपणां सर्वांसच हवी. तेव्हां तिची पुरी किंमतही आपणच दिली पाहिजे, मग दर थोडा वाढला तरी चालेल. नाहीं तर ती किंमत वाऱ्याच्या दिशेस राहणारीं मुलें आपल्या श्वासानें देत राहतील.