दुखते म्हणण्याचे धैर्य

पोळा आटोपला, पावसाने थोडी उघडीप दिली, की आमच्या बार्शीटाकळीतील शाळकरी मुलांच्या तोंडी एकच विषय असतो, तो म्हणजे तालुक्याचे सामने. वऱ्हाडची काळी जमीन कपाशीला जितकी मानवते तितकी खेळाडूच्या पायाला मानवत नाही. पावसात ती पाऊल धरून ठेवते. चार दिवस ऊन पडले की चिखलात उमटलेले बैलांचे खूर जसेच्या तसे वाळून दगडासारखे कठीण होतात. आणि उन्हाळ्यात तिला ज्या भेगा पडतात त्यांत पोराचे पाऊल सहज अडकावे. परंतु याच जमिनीवर खेळून आम्ही लहानाचे मोठे झालो, तेव्हा तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचा मला अधिकार नाही. आजची माझी तक्रार जमिनीविषयी नाहीच. ती आपणा वडीलधाऱ्यांविषयी, आणि प्रथम माझ्या स्वतःविषयी आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाचा तेरा वर्षांचा मुलगा कबड्डीच्या सरावाहून घरी आला तो किंचित लंगडतच. आजीने विचारले, "का रे, पाय असा का टाकतोस?" "काही नाही गं आजी, चप्पल चावली," असे सांगून तो आत निघून गेला. त्यानंतर जेवताना मांडी घालण्याऐवजी तो एक पाय पसरून बसू लागला, जिना उतरताना कठडा धरू लागला. त्याची मोठी आई, म्हणजे आमची मंडळी, तेवढी त्याच्या विश्वासातली. ती रोज रात्री कोणास न कळत त्याचा घोटा तेल लावून चोळून देत असे. नवव्या दिवशी मैदानावर तो खाली बसला तो उठेचना. अकोल्यास नेऊन क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या हाडाला, नेमकी ते वाढते त्या जागी, इजा झालेली दिसली. पहिल्याच दिवशी आणला असता तर एवढे लांबले नसते, असे डॉक्टर म्हणाले.

परतताना गाडीत मी त्यास रागे भरलो. त्याने खाली मान घालून उत्तर दिले, "मोठे बाबा, सांगितलं असतं तर तुम्ही खेळ बंद केला असता. मागे कोपर सोलवटलं तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, पुन्हा लागलं तर मैदानाचं नाव काढायचं नाही." यावर मजजवळ उत्तर नव्हते. ते शब्द माझेच होते. मुलाने पाय लपविला हे खरे. परंतु लपविण्याची शिकवण मी दिली होती.

विचार केला म्हणजे दिसते की खेळणारे मूल दोन धाकांच्या कात्रीत सापडलेले असते. घर म्हणते, "लागले ना? आता बस अभ्यासाला." मैदान म्हणते, "एवढ्याने काय होते? उठ, खेळ." वरच्या वर्गातील मुलांस तर दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचेही आमिष असते. 'दुखते' म्हणावे तर घरी खेळ सुटतो, आणि मैदानावर भित्रेपणाचा शिक्का बसून संघातील जागाही जाते. दोन्ही बाजूंस शिक्षाच असेल तर मुलाने सत्य कोणास सांगावे? आपल्या घरात सत्य बोलण्याचे संस्कार आपण देतो. पण ज्या एका बाबतीत खोटे बोलल्याने त्याचे हाड मोडू शकते, त्याच बाबतीत आपण त्यास खोटे बोलावयास लावतो.

मोठ्यांच्या आणि मुलांच्या दुखापतीत एक महत्त्वाचा भेद आहे, तो घरातील प्रत्येकाने जाणून घ्यावा. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक मऊ पट्टी असते आणि हाडाची वाढ तेथूनच होते. सांध्याला बांधून ठेवणाऱ्या बंधांपेक्षा ही पट्टी पुष्कळदा कमकुवत असते. म्हणून ज्या हिसक्याने बापाचा घोटा नुसता मुरगळेल, त्याच हिसक्याने मुलाच्या हाडाच्या वाढीच्या जागी इजा होऊ शकते. ती दुर्लक्षिली गेल्यास क्वचित ते हाड वाकडे वाढते किंवा आखूड राहते. तसेच दहा ते पंधरा वर्षांच्या, फार धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलामुलींच्या गुडघ्याखाली पुढच्या बाजूस एक दुखरे टेंगूळ येते. मांडीच्या स्नायूची ओढ वाढत्या हाडावर पडल्याने ते होते, आणि श्रम आवरले की बहुधा कालांतराने आपोआप शमते. त्यास 'वाढीचे दुखणे' म्हणून हसण्यावारी नेणे जसे चूक, तसेच घाबरून मुलास कायमचे बसवून ठेवणेही चूक.

आता घरगुती उपचारांविषयी. आंबेहळद आणि रक्तबोळ यांचा लेप आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि कातडी न फुटलेल्या साध्या मुक्या मारावर तो लावण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती चोळण्याला. दुखापत ताजी असताना आत रक्त उतरत असते. तेथे जोराने चोळणे किंवा कढत शेक देणे म्हणजे सुजेला आमंत्रण होय. हाड दुखावले असल्यास तर चोळण्याने ते अधिक हलते. पहिले दोन-तीन दिवस तेलाची वाटी कोनाड्यातच राहू द्यावी. हे सांगताना मी परंपरेचा अनादर करीत नाही. सुश्रुतसंहितेत हाडे मोडण्याचे बारा आणि सांधे निखळण्याचे सहा प्रकार वेगळे सांगितले आहेत. मोडलेल्या हाडाला वड, पिंपळ, उंबर, पळस अशा वृक्षांच्या सालींच्या पट्ट्यांचा आधार द्यावा. बंध सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही, फार घट्ट असेल तर सूज आणि वेदना वाढतात. थंडीत तो सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा, इतका बारकावा तेथे आहे. बाल्यावस्थेत महिन्याभरात सांधा स्थिर होतो, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि म्हातारपणी तिप्पट काळ लागतो, असेही तो ग्रंथ सांगतो. म्हणजे दुखावलेला अवयव स्थिर ठेवावा आणि त्यास काळ द्यावा, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. विसरलो ते आपण.

बर्फाचीही अशीच एक कथा आहे. अमेरिकेतील डॉ. गेब मिरकिन यांनी १९७८ साली विश्रांती, बर्फ, दाब आणि अवयव उंच ठेवणे अशी चार पदांची उपचारपद्धती आपल्या पुस्तकात मांडली आणि ती जगभर मैदानोमैदान पसरली. पुढे २०१४ साली त्यांनीच लिहिले, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे इजा भरून येण्यास उलट उशीर लागू शकतो. तात्पर्य, पहिल्या काही तासांत वेदना शमविण्यासाठी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-बारा मिनिटे ठेवण्यास हरकत नाही, परंतु तोच उपचार समजू नये. पाय उशीवर उंच ठेवावा, फार घट्ट नाही अशी पट्टी बांधावी, आणि वेदना उतरू लागल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू हालचाल सुरू करावी.

मुलास डॉक्टरांकडे न्यावे की नाही, हा प्रश्न घरात हटकून निघतो. घोट्यापुरते त्याचे एक सोपे उत्तर कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली शोधून काढले. लागल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळीही मुलास चार पावले टाकता येत नसतील, अथवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड किंवा टोक दाबले असता हाडावरच दुखत असेल, तर क्ष-किरण चित्र काढावे. चार पावले! आमच्या घरी नऊ दिवस जे कळले नाही, ते ओसरीवरच्या चार पावलांत कळले असते. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय येथून वीसेक किलोमीटरवर आहे. आडवे आले ते अंतर नव्हे.

दोन प्रसंगी मात्र वाट पाहण्याचे कामच नाही. पहिला, डोक्याला मार. पकडीत डोक्यावर डोके आपटल्यावर मूल गोंधळले, वांती झाली, डोके फार दुखू लागले, झापड येऊ लागली किंवा सामन्यातील घडलेले त्यास आठवेना, तर त्या दिवशी खेळ संपला असे समजून त्यास थेट डॉक्टरांपुढे न्यावे आणि त्यांच्या अनुज्ञेशिवाय पुन्हा मैदानावर पाठवू नये. मान दुखत असेल किंवा हातापायांस मुंग्या येत असतील तर त्यास हलवूच नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दुसरा, ऊन. मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि सुटीतील शिबिरे नेमकी त्याच दिवसांत भरतात. सराव सूर्य वर येण्याआधी संपवावा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी द्यावे; घाम फार आला असल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे माप चहाच्या चमच्याचे, घालून ते पाजावे. मूल असंबद्ध बोलू लागले, अंग तापून आले किंवा शुद्ध हरपली, तर रुग्णवाहिकेस निरोप धाडून ती येईपर्यंत सावलीत अंगावर पाणी ओतीत व वारा घालीत राहावे. शुद्ध नसताना तोंडात पाणी मात्र घालू नये.

हे झाले लागल्यानंतरचे. लागू नये म्हणून काय करावे, ते आपल्या वऱ्हाडाला परक्याने शिकविण्याची वास्तविक गरज नाही. १९१४ साली अंबादासपंत वैद्य आणि त्यांच्या बंधूंनी अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले, आणि १९३६ साली त्या मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. आपल्या तालमींतून एक शिस्त अशी होती, की कुस्तीपूर्वी आखाड्याची माती खणून भुसभुशीत करावयाची. ते काम पहिलवान स्वतः करीत. त्यात अंग तापे आणि पडणाऱ्यास मऊ जागाही मिळे. आज मुलगा शाळेच्या बाकावरून उठतो आणि थेट कठीण जमिनीवर चढाई करतो. मोठे सामने आता मॅटवर होतात. जन्मभर अनवाणी मातीत खेळलेल्या मुलास एकाएकी बूट घालून मॅटवर उतरविले, तर पाऊल मातीप्रमाणे सरकत नाही. ते रोवले जाते आणि पीळ गुडघ्यास बसतो. म्हणून सामन्यापूर्वी काही दिवस तरी त्याचा सराव हवा.

फुटबॉल खेळणाऱ्या सात ते तेरा वर्षांच्या मुलांवर युरोपातील चार देशांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे वाकवून अलगद उतरणे, पडण्याची रीत शिकणे, अशा साध्या व्यायामांनी सराव सुरू करणाऱ्या मुलांत दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. यास ना यंत्र लागते ना पैसा. पंधरा-वीस मिनिटे तेवढी लागतात. मुलींच्या बाबतीत तर याकडे अधिक लक्ष पुरवावे, कारण वयात आल्यानंतर उडी मारण्या-वळण्याच्या खेळांत गुडघ्याचा आतला बंध तुटण्याचा धोका त्यांस मुलांपेक्षा जास्त असतो. तेव्हा 'मुलींना कशाला सराव?' असे म्हणून त्यांस ऐन सामन्याच्या दिवशी मैदानात उभे करणे हा अन्यायच होय. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विसावा आणि रात्री पोटभर झोप, हीही सरावाचीच अंगे समजावीत.

या साऱ्यांहून मोठा उपाय मात्र बिनखर्चाचा आहे. आमच्या घरी आता एक नियम झाला आहे. जो आपणहून 'दुखते' म्हणेल त्याचा खेळ त्या कारणाने कोणी बंद करणार नाही. बरा होईपर्यंत थांबेल, आणि बरा झाला की पुन्हा जाईल. हा नियम मी स्वतः, मुलाची आजी बसली असता, सर्वांसमक्ष बोलून दाखविला. शाळेत जाऊन त्याच्या क्रीडाशिक्षकांनाही भेटलो. बसून राहिलेल्या मुलास भित्रा म्हणू देणार नाही, असे त्यांनी आनंदाने कबूल केले. त्यांनाही मुलगा हवाच होता, फक्त त्याचे दुखणे त्यांस ठाऊक नव्हते.

मुलाचा तो हंगाम गेला. यंदा पोळ्यानंतर तो पुन्हा मैदानावर जाऊ लागला. परवा संध्याकाळी परतला तो ओसरीवरूनच ओरडला, "मोठे बाबा, डावं मनगट दुखतंय, बघता का?" पाहिले, काही विशेष नव्हते, दोन दिवसांत थांबले. परंतु ती हाक ऐकून मला जे समाधान वाटले, ते त्याने सामना जिंकल्याची वार्ता आणली असती तरी वाटले नसते.